तोंडी आणि तोंडपाठ : इंग्रजी संभाषणाच्या परीक्षेची तयारी

परीक्षेच्या दिवसांत शाळेतील एखाद्या खोलीबाहेर मुलांची रांग उभी असते. हातात वह्या, डोळे मिटलेले, ओठ पुटपुटत असलेले. आत इंग्रजीची तोंडी परीक्षा चाललेली असते. एक मुलगा आत जातो. 'तुझे नाव काय?' असे शिक्षक इंग्रजीत विचारतात आणि उत्तर तत्काळ येते. गाव कोणते, वडील काय करतात, आवडता खेळ कोणता, यांचीही उत्तरे धडाधड येतात. मग शिक्षकांच्या मनात काय येते कोण जाणे, ते सहज विचारतात, 'आज सकाळी काय खाल्लेस?' आणि मुलगा गप्प होतो. प्रश्न काही अवघड नव्हता. त्याने भाकरी खाल्ली होती, हे त्याला माहीत होते. 'ईट' या शब्दाचा अर्थही तो दुसरी-तिसरीपासून जाणत होता. परंतु हा प्रश्न वहीत नव्हता.

हा प्रसंग आम्ही इतक्या वेळा पाहिला आहे, की त्यात त्या मुलाचा दोष आहे असे म्हणण्याचे धाडस आता होत नाही. दोष तयारीचा आहे. मराठीत 'तोंडी' आणि 'तोंडपाठ' असे दोन शब्द आहेत. दोन्हींत तोंड आहे म्हणून आपण त्यांना सख्खे भाऊ समजतो. वस्तुतः त्यांचे नाते फार दूरचे आहे. तोंडपाठ असते ते आधीच ठरलेले असते. तोंडी बोलणे हे समोरच्या माणसाचे ऐकून त्या क्षणी जुळवायचे असते. परीक्षा तोंडी आहे आणि तयारी मात्र आपण तोंडपाठाची करून घेतो. या लेखात आम्हाला सांगायचे आहे ते एवढेच. बाकीचे सारे त्याचे स्पष्टीकरण आहे.

ही खोड आपल्याला कोठून लागली, याचा शोध घेतला तर तो आपल्या वक्तृत्व स्पर्धांपर्यंत जाऊन पोहोचतो. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि आज ती चालविणाऱ्या संस्थेचे नाव वक्तृत्वोत्तेजक सभा असे आहे. बोलण्याला उत्तेजन, हा हेतू थोर होता. पण शाळाशाळांतून आज काय होते? शिक्षक भाषण लिहून देतात, मूल ते पाठ करते, 'आदरणीय व्यासपीठ' म्हणून आरंभ करते आणि मध्येच एक शब्द विसरले की सारी इमारत कोसळते. मराठीत, म्हणजे आपल्या मातृभाषेतसुद्धा, आपण मुलांना बोलायला न शिकवता म्हणायला शिकवतो. मग इंग्रजीत वेगळे काय होणार?

आता परीक्षेकडे वळू. आपल्या राज्यात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. त्यामुळे आज दहावीला बसणारे मूल इंग्रजीच्या सहवासात दहा वर्षे काढून आलेले असते. दहावीला इंग्रजीच्या लेखी परीक्षेला ८० गुण असतात आणि उरलेले २० गुण तोंडी व अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. या २० गुणांची एक कथा आहे. २०१८-१९ या वर्षी भाषाविषयांचे हे गुण काढून टाकण्यात आले आणि लेखी परीक्षा पूर्ण १०० गुणांची झाली. आदल्या वर्षी राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. तो २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला. त्या वर्षी अभ्यासक्रमही नवा होता, तेव्हा सारा भार एकाच कारणावर टाकणे योग्य नव्हे. परंतु ओरड झाली ती या २० गुणांसाठी, आणि पुढल्याच वर्षी ते परत आले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे गुण सरासरीने दिले गेले, हेही त्याच वर्षीचे.

या सगळ्या वादात गुण गेले आणि गुण आले, याची चर्चा पुष्कळ झाली. पण त्या २० गुणांच्या बदल्यात मूल काही बोलते काय, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. आपल्या शाळेतील शिक्षक आपल्याच मुलांची तोंडी परीक्षा घेतात, मुलांचे नुकसान होऊ नये असे त्यांना वाटते, आणि मुलाने वहीतली पाच वाक्ये म्हणून दाखविली की गुण पडतात. यात दुष्टपणा कोणाचाच नाही. मात्र जी दया शाळेने दाखविली ती पुढे मुलाखतीच्या टेबलापलीकडे बसलेला माणूस दाखवीत नाही. आपल्या जिल्ह्यातील मुलेमुली पुण्या-मुंबईकडे जातात, रुग्णालयांत, कारखान्यांत, कचेऱ्यांत काम मागतात. केंद्र सरकारने २०१८ साली 'आकांक्षित' जिल्ह्यांची जी यादी केली तीत महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांत आपलाही जिल्हा आहे. मागासलेला म्हणण्याऐवजी आकांक्षित म्हटले, हे ठीकच झाले. पण आकांक्षा बोलून दाखविता आली पाहिजे. शाळेत फुकट मिळालेल्या त्या २० गुणांची किंमत मुले तेथे मोजतात.

'आमच्याकडची मुले मुळातच बुजरी, त्यांना परकी भाषा कशी येणार?' असे कोणी म्हणेल. त्यांना आम्ही आपल्याच जिल्ह्याचा इतिहास दाखवू. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभार उर्दूत, वरचे शिक्षण उर्दूत. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ तर उर्दू माध्यमाचेच. आपल्या भाषेतून व आपल्या वृत्तीने शिक्षण मिळावे म्हणून १९२१ साली हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थ तेथे मुख्याध्यापक झाले, हे अभिमानाने सांगण्यासारखे आहेच. पण त्याच काळात आपले आजे-पणजे घरी मराठी, कचेरीत उर्दू आणि बाजारात दखनी बोलत होते, हेही तितकेच खरे. उमरग्याच्या बाजूला त्यात कानडीची भर पडे. परकी भाषा या मातीला नवी नाही.

आणि इतिहास कशाला, आज तुळजापूरला जाऊन पाहा. भवानीच्या दर्शनाला कर्नाटकातून, आंध्र-तेलंगणातून यात्रेकरू येतात. देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर हळद-कुंकू, परडी, कवड्यांची माळ यांची दुकाने आहेत. तेथे दुकानावर बसलेले एखादे पोर यात्रेकरूला 'बन्नी, बन्नी' म्हणून बोलावते, त्याने 'एष्टु?' म्हणून भाव विचारला की कानडीत आकडा सांगते, घासाघीस करते आणि माल खपवते. या पोराने कानडीचे व्याकरण पाहिलेले नाही. त्याने आधी पुष्कळ ऐकले, मग मोडकेतोडके बोलले, चुकले तर गिऱ्हाईक हसले पण माल घेऊन गेले, आणि दुसऱ्या दिवशी ते पोर पुन्हा बोलले. तेच पोर शाळेत इंग्रजीच्या तासाला मुके होते. तेव्हा अडचण बुद्धीची नाही. दुकानात बोलण्याची गरज आहे, ऐकणारा आहे आणि चुकण्याची मुभा आहे; वर्गात या तिन्ही गोष्टी नाहीत.

परीक्षक नेमके काय ऐकतो, हे एकदा समजून घेतले म्हणजे तयारीची दिशा सापडते. केंब्रिज विद्यापीठाने इतर भाषिकांसाठी इंग्रजीची प्रावीण्य परीक्षा १९१३ साली प्रथम घेतली. परीक्षा बारा तासांची, बसलेले उमेदवार तीन, आणि तिघेही नापास! तीत उताऱ्याचे वाचन व संभाषण यांसाठी वेगळा वेळ होता. तेव्हापासून या शास्त्रात बरीच सुधारणा झाली आहे. केंब्रिजचीच लहान मुलांसाठी असलेली सर्वांत खालच्या पायरीची तोंडी परीक्षा आज तीन ते पाच मिनिटांची असते. तीत परीक्षक मुलापुढे चित्र ठेवतो, अमुक वस्तू दाखव म्हणतो, अमुक वस्तूचे कार्ड अमुक ठिकाणी ठेव म्हणतो. मूल एक शब्द न बोलता बोट दाखवते आणि तरीही त्याला ऐकल्याचे, समजल्याचे श्रेय मिळते. मोठ्यांची परीक्षा पाहा. परदेशी शिकायला वा नोकरीला जाणाऱ्यांना आयेल्ट्स नावाची परीक्षा द्यावी लागते. तिच्या संभाषणाच्या भागाला ११ ते १४ मिनिटे लागतात आणि तेथे चार गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या मानतात : बोलण्याचा ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. व्याकरण ही चारांतील एक बाब आहे. आणि उच्चार म्हणजे साहेबासारखा उच्चार नव्हे. ऐकणाऱ्याला सहज कळेल असा उच्चार. आपले पालक मुलाच्या इंग्रजीची परीक्षा 'साहेबासारखे बोलतो का' यावर करतात. परीक्षक 'माझे ऐकतो का आणि मला कळेल असे बोलतो का' हे पाहतो.

तर मग तयारी कशी करावी? पहिली गोष्ट, प्रत्येक मुलाला बोलायला वेळ मिळाला पाहिजे. येथे थोडे गणित करावे लागेल. वर्ग ६० मुलांचा आणि तास ३५ मिनिटांचा धरू. शिक्षकांनी एकेका मुलाला उभे करून प्रश्न विचारला तर प्रत्येकाच्या वाट्याला ३५ सेकंद येतात, आणि त्यांतले निम्मे प्रश्न विचारण्यातच जातात. पण त्याच मुलांच्या जोड्या केल्या आणि २० मिनिटे एकमेकांशी बोलायला लावले, तर प्रत्येक मूल १० मिनिटे बोलते. म्हणजे तीसपटींहून अधिक! वर्षात ३० आठवडे हाती लागले आणि आठवड्यातून दोनदा हे केले, तरी दर मुलामागे १० तासांचे बोलणे होते. दहा तास बोललेले मूल परीक्षेच्या खोलीत मुके होत नाही. यावर 'वर्गात गलबला होतो' असा आक्षेप येतो. होतो, हे आम्ही मान्य करतो. परंतु संभाषणाचा वर्ग शांत असेल तर तेथे संभाषण चाललेले नाही, हे मुख्याध्यापकांनीही मान्य करावे.

दुसरी गोष्ट, थांबणे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी वर्गातील संभाषणांचा बारकाईने अभ्यास केला. त्यांना असे आढळले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात. उत्तर आले नाही की दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच सांगून टाकतात. हीच वाट तीन सेकंद पाहिली, तर मुलांची उत्तरे लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. मराठीतून विचार करून इंग्रजी वाक्य जुळविणाऱ्या मुलाला तर हे तीन सेकंद म्हणजे जीवदान आहे.

तिसरी गोष्ट, अडले असता काय करावे, हे शिकविणे. पोहायला शिकविताना आधी तरंगायला शिकवतात. त्याचप्रमाणे प्रश्न कळला नाही तर 'प्लीज से इट अगेन', शब्द आठवला नाही तर 'आय डोन्ट नो द वर्ड' आणि मग हातवाऱ्याने वा दुसऱ्या शब्दांनी सांगणे, विचार करायला वेळ हवा असेल तर 'लेट मी थिंक', एवढी तीन वाक्ये प्रत्येक मुलाच्या जिभेवर असावीत. पाठच करायचे असेल तर हे पाठ करावे. पुन्हा विचारणे हा अपराध आहे, अशी आपल्या मुलांची समजूत असते. वास्तविक ते चांगल्या संभाषणाचे लक्षण आहे.

चौथी गोष्ट, विषय मुलाच्या ओळखीचा असावा. लंडनच्या बसवर बोलायला सांगितले तर भूम-परंड्याचे मूल काय बोलणार? त्याला त्याच्या शेळीबद्दल विचारा. आपल्या जिल्ह्याचे नाव २०२३ साली धाराशिव झाले, पण काळ्या रंगाची, बहुधा जुळी करडे देणारी आपली प्रसिद्ध शेळी उस्मानाबादीच राहिली आहे. 'धिस इज अवर गोट. शी इज ब्लॅक. शी हॅज टू किड्स.' एवढे बोलले की पुढचे प्रश्न आपोआप निघतात : ती काय खाते, तिला कोण चारते, करडांची नावे काय? या विषयात मूल परीक्षकापेक्षा जाणते असते, आणि जो जाणता असतो त्याला बोलावेसे वाटते. आठवडी बाजार, सोयाबीनची काढणी, नवरात्रातील तुळजापूरची गर्दी, नळदुर्गच्या किल्ल्याची सहल, असे विषय काय थोडे आहेत?

पाचवी गोष्ट, चुका. मूल बोलत असताना मध्येच तोडून चूक सुधारू नये. ती टिपून ठेवावी आणि बोलणे संपल्यावर सर्व वर्गाला मिळून सांगावी. आपल्या मुलांच्या बहुतेक चुका मराठीच्या वळणातून येतात, म्हणून त्या आधीच ओळखता येतात. मराठीत क्रियापद शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्यामागोमाग येते; म्हणून गोंधळलेले मूल 'आय टु स्कूल गो' म्हणून जाते. आपले विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये नामाच्या मागून लागतात, इंग्रजीत तसले शब्द नामाच्या आधी येतात. आपण 'का' लावून प्रश्न करतो. इंग्रजीत 'डू' आणि 'डज' यांची मदत घ्यावी लागते. 'मला दोन भाऊ आहेत' यात 'आहेत' आले म्हणून मूल 'आय ॲम टू ब्रदर्स' म्हणते आणि वर्ग हसतो. त्या मुलाने मराठीचा नियम प्रामाणिकपणे पाळला, एवढाच त्याचा गुन्हा.

उच्चारांचेही तसेच. 'शिप' म्हणजे जहाज आणि 'शीप' म्हणजे मेंढी. लिहिताना आपण ऱ्हस्व-दीर्घ पाळतो, बोलताना अशा जागी बहुधा पाळत नाही. पश्चिम दिशा आणि अंगातली बंडी हे दोन्ही शब्द आपण 'वेस्ट' असेच लिहितो. पण बंडीच्या वेळी वरचे दात खालच्या ओठाला लागतात, दिशेच्या वेळी ओठ गोल होतात. 'फॅन' म्हणताना आपला 'फ' ओठावर ओठ मिटून फुटतो. इंग्रजी ध्वनी मात्र दात व ओठ यांमधून घासत येतो. याहून महत्त्वाचा आहे तो आघात. 'हॉटेल' हा शब्द आपण सारख्या वजनाने उच्चारतो. इंग्रज 'टेल'वर जोर देतो. आठवड्याला अशी एकच जोडी घेऊन खेळासारखी घोकली, तरी वर्षात पुष्कळ काम होते. घोकंपट्टीला येथे जागा आहे, कारण जिभेचे वळण हा व्यायाम आहे.

शिक्षकांविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत. ज्यांच्याकडून आपण ही अपेक्षा करतो, त्यांतील अनेकजण स्वतः भाषांतराच्या पद्धतीने इंग्रजी शिकले. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने कित्येक पिढ्यांना इंग्रजी वाचता-लिहिता आणले, ते उपकार मोठे आहेत. पण बोलणे हे त्या पुस्तकाचे काम नव्हते. स्वतःला बोलण्याचा संकोच असलेल्या शिक्षकाने लाज बाळगू नये. 'पुस्तक उघडा', 'इकडे या', 'खिडकी लावा' अशी वीस-पंचवीस रोजची वाक्ये इंग्रजीत बोलण्याचा नेम केला तरी वर्षभरात मुलांचे कान तयार होतात. शिक्षक मुलांदेखत चुकले आणि हसून दुरुस्ती केली, तर त्याहून चांगला धडा नाही.

आता पालकांकडे येऊ, कारण व्याख्यानाला येणाऱ्या मंडळींत तेच अधिक असतात. 'आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही काय करणार?' असे पुष्कळजण विचारतात. आमचे उत्तर असे, की तुम्हाला इंग्रजी येण्याची गरज नाही. रात्री जेवताना मुलाला मराठीतच विचारा, आज काय काय झाले? मग काय झाले? तुला काय वाटले? जे मूल मराठीत एखादी हकिकत आरंभापासून शेवटपर्यंत सांगू शकते, त्याला इंग्रजीत फक्त शब्द शोधावे लागतात. ज्याला मराठीतही 'हो' आणि 'नाही' यापलीकडे बोलण्याची सवय नाही, त्याला शब्द आणि सांगण्याजोगे काही, असे दोन्ही शोधावे लागते. घरात मोबाइल असतोच. मुलाला त्यावर दोन मिनिटे इंग्रजीत बोलून आवाज साठवू द्या, मग त्याचे त्यालाच ऐकू द्या. दुसऱ्या वेळी ते आपण होऊन सुधारून बोलेल.

दोन गोष्टी मात्र कृपा करून टाळा. पाहुणे आले की मुलाला बैठकीत बोलावून 'काका आलेत, इंग्रजीत बोलून दाखव' असे म्हणू नका. ते बोलणे नव्हे, प्रदर्शन होय, आणि प्रदर्शनात चुकलेले मूल पुढे कित्येक महिने तोंड उघडत नाही. दुसरी गोष्ट, हसू नका. आमच्या लहानपणी एका इंग्रजी शब्दाचा उच्चार चुकला म्हणून सारा वर्ग हसला होता. शब्द कोणता होता ते आज आठवत नाही, हसणे मात्र आठवते. त्यानंतर कॉलेजात जाईपर्यंत आम्ही इंग्रजीच्या तासाला आपण होऊन हात वर केला नाही. तुळजापूरच्या त्या दुकानावरचे गिऱ्हाईकही हसते, पण हसून झाल्यावर पोराचे ऐकते आणि माल घेते. मुलांना तेवढे तरी मिळाले पाहिजे.

आणि यासाठी काही मोठा खर्च नको, नवी इमारत नको, की महागड्या शाळेची फी नको. आठवड्यातून दोनदा २० मिनिटे, प्रश्नानंतर तीन सेकंद, आणि घरी जेवताना एक प्रश्न, एवढ्याने आरंभ होतो. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील. त्या खोलीबाहेरच्या रांगेत पुन्हा मुले उभी राहतील तेव्हा, शिक्षकांनी वहीबाहेरचा प्रश्न विचारला तर, 'आय एट भाकरी' एवढे तरी मुलाने न घाबरता म्हणावे. भाकरीला इंग्रजी शब्द कोणता, हे त्याला ठाऊक नसेल तर हरकत नाही. परीक्षकाने 'भाकरी म्हणजे काय?' असे विचारले, की खरे संभाषण तेथून सुरू होते.